टिंग झालं की पान उलटायचं

त्या ब्रोकोलीला मी अजून माफ केलेलं नाही.

गाडीत बसलं, पट्टा लावला, की मागच्या सीटवरून हुकूम यायचा, “ब्रोकोली!” आणि मग एक युकुलेलेवाला, अतिशय आनंदी माणूस सुरू व्हायचा. गोष्ट अशी की ब्रोकोलीला पोहायला शिकायचं असतं. गाजर म्हणतं नको, मका म्हणतो नको, ब्रोकोली म्हणते मी पोहणारच. मुळात हे लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक. त्याच्या एकेका पानाचं एकेक गाणं करून अख्खा अल्बम काढलेला, आणि पान संपलं की ‘टिंग’ असा एक गोड आवाज. टिंग झालं की पान उलटायचं. माझी सहा वर्षांची लेक पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि टिंगला टिंग, इमानेइतबारे पानं उलटायची. शाळेत जाताना ब्रोकोली, स्विमिंगला जाताना ब्रोकोली, इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबीर आणायला जाताना ब्रोकोली. कान किटले माझे. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी म्यूट करायला विसरले आणि सगळ्या टीमने मला गुणगुणताना ऐकलं की मी हिरवी आहे आणि मी तरंगू शकते. मॅनेजर म्हणाला, “गुड फॉर यू!”

आता खरं सांगायचं तर त्या अल्बममध्ये वाईट काही नव्हतं. गाणी छान होती, म्हणूनच तर डोक्यातून जात नव्हती मेली. मला तिडीक यायची ती वेगळ्याच गोष्टीची. ब्रोकोली पाण्यात पडते तिथे ‘प्लॉप’ असा आवाज होता, आणि त्या प्लॉपला माझी लेक अशी हसायची, अशी हसायची, की मागे सीट हलायची. मी आरशातून बघायचे. मला वाटायचं, माझ्या कुठल्या वाक्यावर ही इतकी हसली होती? एक आठवेना.

आणि मग तो बाहुल्यांचा प्रकार झाला. अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या घरी, शनिवारी दुपारी, ती जिन्याखाली बाहुल्या खेळत होती आणि मी वर कपड्यांच्या घड्या घालत होते. बाहुल्यांचा वाढदिवस होता. केक, सिक्रेट, गिफ्ट, कोण कोणाची बेस्ट फ्रेंड, सगळं इंग्लिशमध्ये, खुसूखुसू हसत. मग एक मोठी बाहुली आली. ती मोठी बाहुली मराठीत म्हणाली, “आवरा लवकर! किती वेळा सांगायचं? बूट कुठेत? अगं बूट!” आणि बाकीच्या बाहुल्या गप्प झाल्या.

ती बाहुली मी होते. हातातला टॉवेल तसाच राहिला माझ्या. ऊठ, दात घास, दूध संपव, टीव्ही बंद, झोप आता. माझ्या घरात मराठी ही हवालदाराची भाषा झाली होती! लेक मराठी बोलते की नाही, याची मला तोवर फार चिंता नव्हती. समजत होतं तिला सगळं, उत्तर इंग्लिशमध्ये द्यायची, इथल्या सगळ्या मुलांचं तेच. पण मजा तिकडे आणि दटावणी इकडे, अशी वाटणी झालेली मला सहन होईना. मला माझ्या लेकीबरोबर मराठीत खिदळायचं होतं. तिने मराठीत काहीतरी आगाऊ बोलावं आणि मी पोट धरून हसावं, इतकीच माझी इच्छा. ही काही फार मोठी मागणी नव्हे.

त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं, “आपण अल्बम काढायचा.”

“कसला?” नवरा म्हणाला.

“बॅगबाईचा.”

बॅगबाई म्हणजे माझं पुस्तक. आदल्या वर्षी रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी मी ते काढलं होतं. चित्रं माझी, मजकूर माझा, आणि कॉपीच्या दुकानातून स्पायरल बांधून आणलेल्या प्रती. गोष्ट एका लाल सूटकेसची. ही बॅगबाई भारतातून अमेरिकेला निघते, आणि घरातला प्रत्येक माणूस येऊन तिच्या तोंडात काहीतरी कोंबतो. चकली, चिवडा, मेतकूट, कुकर, दोन चादरी, लोणच्याची बरणी. दर पानावर बॅगबाईचं पोट वाढत जातं. शेवटी विमानतळावर वजनकाट्यावर बसते, काउंटरवरची बाई ओरडते, आणि बॅगबाई एक प्रचंड ढेकर देते आणि सगळं बाहेर. मला वाटलं होतं, मुलं लोळतील हसून. मुलांनी शाळेत ते पुस्तक फार शहाण्यासारखं, हाताची घडी घालून ऐकलं होतं. एका मुलाने विचारलं होतं, “काकू, इज देअर अ टेस्ट?”

म्हणून गाणी हवी होती. तो आनंदी युकुलेलेवाला जे करत होता ते मला करायचं होतं.

माझी फौज अशी. गाणार माझी मैत्रीण, नागपूरची, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. गाणं शिकलेली, पण इथे येऊन फक्त गणपतीत आणि भांडी घासताना गाणारी. बॅगबाईचा आवाज माझ्या सासूबाई. त्या तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या आणि बाहेर बर्फ असल्यामुळे घरात बसून कंटाळल्या होत्या. काउंटरवरच्या बाईचा आवाज मी. नुसतं ओरडायचं होतं, मला तालमीची गरज पडली नाही. आणि रेकॉर्डिंग करणार नवरा.

नवऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो गाड्यांच्या कंपनीत काम करतो आणि त्याचं काम म्हणजे किरकिर शोधणं. नव्या गाडीत डॅशबोर्डमधून कुठून तरी चर्र असं येतं ना, ते कुठून येतं हे हा माणूस कान लावून शोधत बसतो. घरी त्याला बायकोची हाक ऐकू येत नाही, पण फ्रिजच्या मागचा स्क्रू सैल झालेला ऐकू येतो. असल्या माणसाच्या हातात मी मायक्रोफोन दिला. मग काय, माकडाच्या हाती कोलीतच!

आम्ही वरच्या मोठ्या क्लोझेटमध्ये रेकॉर्डिंग करायचं ठरवलं, कारण तिथे सगळ्यांचे जाडजूड कोट टांगलेले असतात आणि आवाज घुमत नाही. त्या कोटांमध्ये मी, मैत्रीण, सासूबाई, एक पेटी आणि नवरा, असे कोंबून उभे. बॅगबाईच्या पोटात शिरल्यासारखं वाटत होतं. मैत्रिणीने पेटीवर सूर धरला आणि पहिलं गाणं सुरू केलं:

बॅगबाई बॅगबाई, काय काय खाल्लं?
चकली खाल्ली, चिवडा खाल्ला,
पोट नाही भरलं!

चाल अशी झक्क लावली होती तिने की माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात नवरा म्हणाला, “थांबा. किरकिर येतेय.”

हीटिंग बंद केलं. पुन्हा गाणं. पुन्हा, “थांबा, येतेय.” फ्रिज बंद केला. मैत्रिणीच्या बांगड्या काढल्या. माझ्या मोबाइलवर संशय आला, तो खाली नेऊन ठेवला. घर गारठलं, आम्ही टांगलेले कोट अंगावर चढवले, तर हा म्हणतो आता आवाज घुमतोय, कोट परत टांगा! मैत्रीण कधी चिडत नाही, ती पण म्हणाली, “काय करून राहिला बाप्पा तुझा नवरा? गाणं आहे का इंजिन आहे हे?” मी तर केव्हाच तापले होते. शेवटी हा गुडघ्यांवर बसला, माइक हातात धरून सगळ्यांच्या आजूबाजूने फिरवला आणि सासूबाईंच्या पायापाशी थांबला.

“आई, तुझा गुडघा वाजतोय.”

“वाजणारच,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “याच गुडघ्यांवर घोडा-घोडा करून तुला वाढवलाय.”

त्यानंतर आम्ही काहीही रेकॉर्ड करू शकलो नाही. सूर लावला की कुणीतरी फुटायचं. मैत्रीण पेटीवर डोकं ठेवून हसत होती आणि पेटीतून भों असा आवाज येत होता. नवरा एकटा गंभीर होता, पण शेवटी तोही फुटला. सासूबाईंना खुर्ची दिली आणि दुसऱ्या दिवशी काम मार्गी लागलं.

सगळी गाणी झाली. राहिली फक्त टिंग. पान उलटायची खूण काय द्यायची? नवऱ्याने काचेचा पेला चमच्याने वाजवून बघितला. लग्नातल्या भाषणासारखं वाटलं. मायक्रोवेव्हचा आवाज घेऊन बघितला; मैत्रीण म्हणाली जेवायला उठावंसं वाटतं. सायकलची घंटी, दारावरची बेल, काहीच जमेना. तेव्हा सासूबाई उठल्या आणि किचनच्या कोपऱ्यातल्या देवघरातून पितळी घंटा घेऊन आल्या. मूठ धरून एकदाच वाजवली. काय तो आवाज! गोल, स्वच्छ, हळूहळू विरत जाणारा. नवऱ्याने डोळे मिटले. “एकही खोटा सूर नाही यात,” तो म्हणाला. लग्नात माझ्याकडे बघूनही इतका हळवा झाला नव्हता.

मी म्हटलं, झालं तर मग, हीच टिंग. आम्ही चार मोठी माणसं, चौघंही जन्मापासून ती घंटा ऐकत आलेली, चौघंही शिकलेली. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

प्रकाशन आमच्याच बेसमेंटमध्ये. खाली गालिचा, वर फुगे, दारात बुटांचा आणि कोटांचा ढीग. मराठी शाळेतली सगळी पोरं आली, त्यांचे आईबाप आले. मी मुलांना गोल बसवलं, प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक दिलं, आणि ऐटीत सांगितलं, “हं, लक्ष द्या. टिंग झालं की पान उलटायचं!” माझी लेक मधोमध बसली होती. या सगळ्या मुलांचं मला काही नव्हतं. मी तिच्या एकटीच्या तोंडाकडे बघत होते.

पहिलं गाणं सुरू झालं. मुलं डुलायला लागली. एक चिमुरडी तर चकलीवर टाळ्या वाजवायला लागली. मला वाटलं, जिंकलो! आणि गाणं संपलं आणि घंटा वाजली.

सगळ्या मुलांनी हात जोडले. डोळे मिटले. मांडीवरची पुस्तकं घसरून धपाधप खाली पडली.

एकाही मुलाने पान उलटलं नाही. कसं उलटणार? हात जोडलेले! दुसरं गाणं सुरू झालं तरी ती तशीच बसली होती, डोळे घट्ट मिटून, नाकं वर करून. मी म्हटलं, “अरे बाळांनो, पान उलटा.” तेवढ्यात ते गाणंही संपलं आणि पुन्हा घंटा. यावेळी मागे उभ्या असलेल्या एका काकांनी हातातली समोशाची प्लेट खाली ठेवली आणि नमस्कार केला. त्यांच्या बायकोने डोक्यावरून ओढणी घेतली. तिसऱ्या घंटेला मुलं उठून उभी राहिली आणि ठेक्यात टाळ्या वाजवायला लागली, आरतीच्या टाळ्या. बॅगबाई बिचारी तिकडे स्पीकरमध्ये कुकर गिळत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

माझा संयम तसाही बेताचाच. मी ओरडले, “अरे पान उलटा! पान! देव नाहीये तो, बॅग आहे!”

एका चष्मिस मुलीने एक डोळा उघडून मला दटावलं, “शू, काकू! इट्स प्रेअर टाइम.”

त्यानंतर मात्र धमाल उडाली. एकाने एक डोळा उघडून शेजाऱ्याकडे बघितलं, शेजारी फिस्सकन हसला, आणि मुलांना कळलं की यात मजा आहे. पुढच्या घंटेला सगळी जागच्या जागी गोल फिरायला लागली, आरतीनंतर प्रदक्षिणा घालतात तशी. इवल्या पायमोज्यांतले पाय, गालिच्यावर गरागरा. घंटा वाजली की गिरकी, घंटा वाजली की गिरकी. दोघं आपटले, एक फुगा फुटला, आणि शेवटी बॅगबाईने विमानतळावर ढेकर दिली तेव्हा सगळी पोरं चक्कर येऊन गालिच्यावर पडली होती आणि छताकडे बघून खदाखदा हसत होती. पुस्तक उघडलेलं कुणाचंच नव्हतं. मग ती सगळी उठून रांगेत माझ्यासमोर आली आणि डाव्या हातावर उजवा हात ठेवून उभी राहिली. प्रसादाला!

मी बघतच राहिले. सासूबाई मात्र एका क्षणात वर जाऊन साखर-खोबऱ्याची वाटी घेऊन आल्या आणि वाटायला लागल्या. नवरा भिंतीला टेकून रडत होता, हसून हसून. मैत्रीण म्हणाली, “काहून तोंड पाडून राहिली तू? इतकं हसलेलं पाहिलं होतं का कधी या पोट्ट्यांना?” आणि मग माझाही बांध फुटला. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि हसत सुटले. इतकी गोड फजिती माझी आयुष्यात झाली नव्हती.

सगळे गेल्यावर लेक माझ्या मांडीवर येऊन आडवी झाली. केस घामाने चिकटलेले, गाल लाल. म्हणाली, “आई, दॅट वॉज द फनिएस्ट थिंग एव्हर.”

मी तिचा पापा घेतला. पण आत कुठेतरी चुटपुट लागलीच. फनिएस्ट थिंग एव्हर! माझ्याच अल्बमवर, माझ्याच घरात, पोटभर हसली आणि हसली तीही इंग्लिशमध्ये. मी नवऱ्याला म्हटलं तसं. तो म्हणाला, “हसणं कुठल्या भाषेत असतं का?” मी म्हटलं, “तू स्क्रू शोध.”

पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाले. लोकांनी अल्बम गाडीत लावला होता आणि मागच्या सीटवरची मुलं दर घंटेला नमस्कार करत होती. त्याचं काही नाही, पण एक बाबा म्हणाले, “वहिनी, सिग्नलला उभा होतो, घंटा झाली आणि मीच स्टिअरिंग सोडून हात जोडले. मागचा हॉर्न वाजवतोय!” नवऱ्याचा चेहरा गंभीर झाला. गाडीच्या बाबतीत तो थट्टा चालवून घेत नाही. घंटा काढायचं ठरलं.

पण तिच्या जागी काय? यावर लेकीने तिचं एकमेव मत दिलं. “बर्प,” ती म्हणाली. बॅगबाईने दर पानावर खाऊन झालं की ढेकर द्यायची. लहान पानावर लहान, मोठ्या पानावर मोठी. कल्पना आमच्या सगळ्यांच्या कल्पनेपेक्षा चांगली होती. प्रश्न इतकाच होता की बॅगबाईचा आवाज सासूबाईंचा होता. आणि माझ्या सासूबाई कशा, तर पाहुण्यांसमोर चहाचा घोटसुद्धा आवाज न करता घेणाऱ्या.

“आई, तुम्ही नको,” मी घाईने म्हटलं, “मी करते काहीतरी.”

“तुला जमायची नाही,” त्या म्हणाल्या. “सोडा आण.”

बाई गं, काय सांगू! क्लोझेटमध्ये, कोटांच्या गर्दीत, खुर्चीवर ताठ बसून, पदर नीट करून, माझ्या सासूबाईंनी जे दिलं, ते ऐकून नवऱ्याने हेडफोन काढून ठेवला आणि तो आईच्या पाया पडला. लेक तर जमिनीवर लोळत होती. “अगेन, आजी! अगेन!” आणि आजी पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. झाल्यावर पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, “पुण्यात कळता कामा नये.” आता मी हे लिहितेय म्हणजे कळणारच, आई, रागावू नका.

ढेकरवाला अल्बम मात्र तुफान चालला. ढेकर आली की पान उलटायचं, हे मुलांना सांगावंच लागलं नाही. आमच्या गाडीत ब्रोकोली आपोआप मागे पडली. मागच्या सीटवरून आता हुकूम यायचा, “प्ले आजीज बर्प!” लेक सगळी गाणी पाठ म्हणायची, चकलीपासून लोणच्यापर्यंत, उच्चारांसकट. आणि हसायचं तिथे हसायची. मला खूश व्हायला हवं होतं, आणि झालेही होते. फक्त ती म्हणत होती ते माझे शब्द होते. पाठ केलेले. गाणं संपलं की ती परत इंग्लिशमध्ये आणि मी परत, “नीट बस, पाय खाली घे, जॅकेटची चेन लाव.” मोठी बाहुली काही गेली नव्हती घरातून. मी मनाला समजावलं की बाई, एका अल्बमने किती व्हायचं? आहे त्यात सुख मान.

सासूबाई परत गेल्या. बर्फ वितळला आणि आमच्याकडे बर्फ वितळला की लगेच रस्ते खोदायला घेतात. नारिंगी पिंपं, बंद लेन, वळवलेले रस्ते. अशाच एका संध्याकाळी मी लेकीला स्विमिंगहून घरी आणत होते. उशीर झालेला, भात लावायचा राहिलेला, फोनमधली बाई सांगतेय उजवीकडे, समोर पाटी सांगतेय डावीकडे, आणि मागे लेकीने ओला टॉवेल डोक्यावर घेऊन काहीतरी चाळे चालवलेले. मी वैतागून मागे ओरडले, “टॉवेल खाली ठेव! नीट बस! किती वेळा सांगायचं?”

आणि त्या नादात हायवेवरून घराकडे उतरायची आमची एक्झिट गेली. डोळ्यांसमोरून गेली, मी बघत असताना.

“गेली!” मी स्टिअरिंगवर हात आपटला. “गेली ना एक्झिट! आता जा पुढे, या वळून. शी!”

मला लगेच वाईट वाटलं. पोरीचा काय दोष, चुकले मी. अल्बमही लावलेला नव्हता. नुसता चाकांचा आवाज. आणि मग टॉवेलखालून एक बारीक, अतिशय आगाऊ आवाज आला.

“आईबाई आईबाई, काय काय खाल्लं?”

आणि पुढे, त्याच चालीत:

“एक्झिट खाल्ली, सिग्नल खाल्ला, पोट नाही भरलं!”

सिग्नलही मी मघाशी जरा पिवळ्यावर मारला होता. ते तिने बघितलं होतं! मी वर आरशात पाहिलं. टॉवेल बाजूला करून ती माझ्याकडेच बघत होती. गाल फुगवलेले, हसू कसंबसं दाबून धरलेलं, आणि डोळे माझ्या तोंडावर. मी हसते की नाही, ते बघत होती. इतके दिवस मी तिला जशी बघायचे अगदी तशी.

मग मी जी हसले! पुढचं दिसेना म्हणून डोळे पुसले, एक हात स्टिअरिंगवर, पुन्हा हसले, नाकातून आवाज आला, त्यावर ती हसली, तिच्या हसण्यावर मी. तिला जोर चढला. “आईबाईने भात खाल्ला नाही! आईबाईने पिंप खाल्लं! नारिंगी पिंप!” व्याकरणाची, चालीची, कशाची पर्वा नाही, जे दिसेल ते माझ्या पोटात घालत होती. पूल घातला, ट्रक घातला, ट्रकमधला काका घातला. मी म्हटलं, “अगं त्या काकाने काय केलंय?” तर म्हणाली, “तो गोड आहे, आई. तो स्वीट डिश आहे.” आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी खिंकाळली की उचकी लागली.

पुढची एक्झिट आली. मी इंडिकेटर दिला होता, लेन रिकामी होती, वळले असते तर आम्ही लगेच घरी पोचलो असतो.

मी इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ दामटली.

“आई!” ती आनंदाने किंचाळली. “अजून एक खाल्लीस!”